पासवर्ड तोच, प्रोग्राम नवा आणि कंटेनर उघडेना

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. २०१२ च्या सुमारास तुम्ही कागदपत्रं, फोटो आणि कामाच्या फाइली एका एन्क्रिप्टेड कंटेनरमध्ये, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या एका कुलूपबंद फाइलमध्ये, ठेवल्या. सुरुवातीला तो ट्रूक्रिप्टने उघडायचात, नंतर बरीच वर्षं व्हेराक्रिप्टने. आता विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आला. त्यावर व्हेराक्रिप्टची ताजी आवृत्ती टाकली, एक्स्टर्नल डिस्कवरचा तोच कंटेनर निवडला, नेहमीचा पासवर्ड दिला, तर प्रोग्राम म्हणतो पासवर्ड चुकीचा. भावाच्या मॅकवरही तेच झालं. म्हणून तुम्ही विचारताय की आपण पासवर्ड विसरलो का, आणि असल्या सॉफ्टवेअरचे अपडेट घेणंच बंद करावं का.

पासवर्ड बहुधा बरोबर आहे. अपडेट बंद करू नका, फक्त ते घेण्याचा क्रम बदला. कारणं पुढे सांगतोच, पण त्याआधी एक काम करा. कंटेनरची फाइल आहे तशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि यापुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवरच करा. वाचणाऱ्यांपैकी कोणी कंटेनर न करता आख्खं पार्टिशनच एन्क्रिप्ट केलं असेल, तर ती डिस्क जोडल्यावर विंडोज 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल' असं विचारेल. तिथे 'रद्द करा'च निवडायचं. विंडोजला एन्क्रिप्टेड पार्टिशन कोरं दिसतं, म्हणून तो प्रश्न येतो. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या डिस्कपैकी अनेकांची सुरुवात त्या एका 'होय'पासून झालेली असते. कोणाकडून ते आधीच झालं असेल तर डिस्कवर पुढे एकही फाइल लिहू नये. हेडरची (किल्ली जपणाऱ्या सुरुवातीच्या भागाची) एक राखीव प्रत व्हॉल्यूमच्या, म्हणजे कंटेनरच्या किंवा एन्क्रिप्टेड पार्टिशनच्या, अगदी शेवटच्या १२८ केबीमध्ये असते आणि व्हेराक्रिप्टच्या 'व्हॉल्यूम हेडर पूर्ववत करा' या सोयीने ती पुष्कळदा परत बसवता येते.

आता मूळ मुद्दा. पासवर्ड चुकला हे प्रोग्रामला कळतं कसं, हे समजून घेतलं की तुमची निम्मी काळजी जाईल. ट्रूक्रिप्ट किंवा व्हेराक्रिप्टच्या कंटेनरवर 'मी अमुक प्रोग्रामची फाइल आहे' असं कुठेही लिहिलेलं नसतं. ते जाणूनबुजून टाळलेलं आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्या फाइलमध्ये अर्थहीन बाइटांखेरीज काही दिसू नये. पहिले ५१२ बाइट म्हणजे हेडर. त्यातले पहिले ६४ बाइट सॉल्टचे, म्हणजे पासवर्डमध्ये मिसळायच्या बाइटांचे, असतात आणि तेही यादृच्छिकच. प्रोग्राम तुमचा पासवर्ड आणि तो सॉल्ट घेतो, एखाद्या हॅश अल्गोरिदममधून (ज्याच्या उत्तरावरून मूळ मजकूर काढता येत नाही अशा गणितातून) ते हजारो किंवा लाखो वेळा फिरवतो, त्यातून किल्ली तयार करतो आणि त्या किल्लीने उरलेलं हेडर उलगडतो. मग सॉल्टच्या लगेच पुढची चार अक्षरं वाचतो. व्हेराक्रिप्टच्या कंटेनरमध्ये तिथे 'व्ही, ई, आर, ए' ही इंग्रजी अक्षरं मिळायला हवीत, ट्रूक्रिप्टच्या कंटेनरमध्ये 'टी, आर, यू, ई'. ती मिळाली आणि चेकसमही (मजकूर शाबूत असल्याचा पडताळा देणारा आकडा) जुळला, तर पासवर्ड बरोबर. नाही मिळाली तर पुढचा सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत), मग पुढचा हॅश. सगळ्या जोड्या संपल्या तरी काहीच जुळलं नाही, तर प्रोग्रामला एवढंच म्हणता येतं की हे मला उघडत नाही.

म्हणून तो संदेश पुन्हा एकदा सावकाश वाचा. व्हेराक्रिप्ट फक्त 'पासवर्ड चुकीचा' म्हणत नाही. पासवर्ड चुकीचा, पिम (हॅश किती वेळा फिरवायचा ते ठरवणारा ऐच्छिक आकडा) चुकीचा, हॅश अल्गोरिदम चुकीचा किंवा हा वैध व्हॉल्यूमच नाही, यांपैकी एक किंवा अधिक कारणं असू शकतात, असं तो सांगतो. आपली नजर पहिल्या ओळीवरच थांबते. नव्या आवृत्तीच्या लेखी तुमचा कंटेनर बहुधा शेवटच्या ओळीत बसतो. तो फॉरमॅट ओळखण्याचा कोडच त्या आवृत्तीतून काढून टाकलेला आहे.

ते कधी आणि का झालं ते पाहू. ट्रूक्रिप्टच्या निर्मात्यांनी २८ मे २०१४ रोजी प्रकल्प थांबवल्याचं जाहीर केलं. सोबत आलेली ७.२ ही आवृत्ती जुने व्हॉल्यूम फक्त उघडू शकत होती, नवे करू शकत नव्हती. पूर्ण काम करणारी शेवटची आवृत्ती म्हणजे २०१२ ची ७.१ए. व्हेराक्रिप्ट त्याच कोडवरून २०१३ मध्ये सुरू झालं होतं आणि त्याने बराच काळ जुन्या व्हॉल्यूमसाठी सोय ठेवली होती. पासवर्डच्या खिडकीत 'ट्रूक्रिप्ट मोड' नावाची चौकट असायची. ती तुम्ही कधीतरी टिक केली असणार आणि नंतर विसरून गेला असणार. ही सोय असलेली शेवटची आवृत्ती १.२५.९, फेब्रुवारी २०२२ ची. पुढच्या १.२६ मालिकेत ती चौकटच नाही. त्याच मालिकेत रायपएमडी-१६० हा हॅश आणि गॉस्ट-८९ हा सायफरही गेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण अस्सल व्हेराक्रिप्टने केलेला पण रायपएमडी-१६० निवडलेला कंटेनरसुद्धा नव्या आवृत्तीत नेमका हाच संदेश देतो.

माझ्या मते सोय काढण्याचा निर्णय योग्यच होता. ट्रूक्रिप्ट पासवर्डपासून किल्ली करताना हॅश साधारण १,००० ते २,००० वेळा फिरवायचं. व्हेराक्रिप्ट साध्या कंटेनरसाठी मूलतः ५,००,००० वेळा फिरवतं. आजच्या ग्राफिक्स कार्डांसमोर पहिला आकडा फार तोकडा आहे. जुना फॉरमॅट बिनबोभाट उघडत राहिला असता तर लोकांनी तो कधीच सोडला नसता. पण हा बदल वापरणाऱ्याला कळतो तो फक्त अपडेटच्या नोंदी वाचल्या तरच, आणि त्या वाचण्याची सवय फार थोड्यांना असते.

तुमचा कंटेनर खरंच ट्रूक्रिप्टचा आहे का, याची खात्री करता येते. फाइलचं एक्स्टेन्शन 'टीसी' असेल तर तो एक इशारा, पण नाव कोणीही काहीही देऊ शकतो. तारीख जास्त भरवशाची. ही दोन्ही सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये काहीही बदललं तरी बाहेरच्या फाइलची 'शेवटचा बदल' ही तारीख मूलतः तशीच ठेवतात. त्यामुळे तुमच्या फाइलवर २०१२ ची तारीख दिसत असेल तर ती बहुधा जन्मतारीखच आहे, आणि तेव्हा व्हेराक्रिप्ट अस्तित्वातच नव्हतं. याच सोयीची दुसरी बाजूही बघा. तारीख आणि आकार दोन्ही तेच राहिल्यामुळे बरीच बॅकअप सॉफ्टवेअर 'फाइल बदललेली नाही' असं समजून कंटेनर वगळतात. तुमचा बॅकअप असा गेली कित्येक वर्षं शिळा राहिलेला असू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन कंटेनरची तारीख जपण्याचा तो पर्याय बंद करा.

उघडायचं कसं, हे तुमच्याकडे काय शिल्लक आहे त्यावर ठरेल. जुना लॅपटॉप अजून सुरू होत असेल आणि त्यावर जुनं व्हेराक्रिप्ट असेल, तर तिथेच काम करा. त्याच्यावर काहीही अपडेट करू नका, नेट बंद ठेवा आणि ट्रूक्रिप्ट मोड टिक करून कंटेनर उघडून पाहा. सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग हाच आहे आणि तो उपलब्ध असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

जुना लॅपटॉप गेला असेल तर १.२५.९ मिळवावी लागेल, आणि ती प्रकल्पाच्या अधिकृत संग्रहातूनच. उतरवलेल्या फाइलची डिजिटल सही तपासा. ट्रूक्रिप्ट ७.१ए शोधत अनोळखी साइटवर जाऊ नका. बदललेला इन्स्टॉलर मिळण्याचा धोका आहेच, शिवाय मूळ ७.१ए च्या विंडोज ड्रायव्हरमध्ये २०१५ मध्ये दोन गंभीर त्रुटी सापडल्या होत्या. त्यांचा फायदा घेऊन साध्या वापरकर्त्याला संगणकावर पूर्ण ताबा मिळवता येत होता. व्हेराक्रिप्टने त्या १.१५ मध्ये दुरुस्त केल्या, पण ट्रूक्रिप्टमध्ये त्या दुरुस्त करायला कोणी उरलंच नव्हतं. अपवाद एकच. कंटेनर ट्रूक्रिप्ट ६.० च्याही आधीचा असेल तर व्हेराक्रिप्टचा ट्रूक्रिप्ट मोड उपयोगी पडेलच असं नाही. तेव्हा नेट नसलेल्या वेगळ्या संगणकावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये जुना प्रोग्राम चालवावा लागेल. तुमचा २०१२ चा असल्याने ही वेळ येऊ नये.

इथे बरेचजण अडकतात ते असं. लॅपटॉपवर नवी आवृत्ती इन्स्टॉल केलेली असताना जुनी पोर्टेबल आवृत्ती शेजारी ठेवून चालवू म्हटलं तर चालत नाही. दोघींना आपापल्या आवृत्तीचा ड्रायव्हर लागतो आणि एका वेळी एकच लोड होतो. आधी नवी काढा, संगणक पुन्हा सुरू करा, मग जुनी वापरा. लॅपटॉपची विंडोज ड्राइव्हच व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र हे अजिबात करू नका, दुसरा संगणक घ्या.

लिनक्सची थोडी ओळख असेल तर आणखी एक वाट आहे, आणि मला स्वतःला ती सर्वांत पसंत आहे. तिथला क्रिप्टसेटअप हा प्रोग्राम ट्रूक्रिप्ट आणि व्हेराक्रिप्ट दोन्ही फॉरमॅट स्वतंत्रपणे वाचतो. ट्रूक्रिप्ट वाचण्याची सोय त्यात २०१३ पासून आहे, व्हेराक्रिप्टची २०१५ पासून. पेनड्राइव्हवरून सुरू होणारं लिनक्स घ्या, कंटेनर केवळ वाचण्यासाठी उघडा आणि फाइली बाहेर काढा. लॅपटॉपवर काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही.

हे करूनही उघडलं नाही तर मग पासवर्डवर संशय घ्या, तोही क्रमाने. कीबोर्डची भाषा आणि मांडणी २०१२ मध्ये होती तीच आहे का? चिन्हं वेगळ्या कळांवर गेली की दिसायला तोच पासवर्ड वेगळा पडतो. कीफाइल, म्हणजे पासवर्डसोबत द्यावी लागणारी फाइल, वापरली होती का? एखादं गाणं किंवा फोटो कीफाइल म्हणून दिला असेल, तर त्याच्या पहिल्या १ एमबीपर्यंतचे बाइट जसेच्या तसे लागतात. गाण्याचे टॅग नंतर दुरुस्त केले किंवा फोटो एखाद्या ॲपने 'सुधारून' पुन्हा साठवला, तर तीच दिसणारी फाइल कीफाइल म्हणून निकामी होते. मग बदल होण्याआधीची प्रत जुन्या बॅकअपमध्ये शोधावी लागते.

कंटेनर उघडला असं धरू. पुढे दोन रस्ते आहेत. १.२५.९ मध्ये ट्रूक्रिप्ट मोड टिक करून 'पासवर्ड बदला' केलं की हेडर व्हेराक्रिप्टच्या पद्धतीने पुन्हा लिहिलं जातं आणि तो कंटेनर नव्या आवृत्तीत उघडू लागतो. काही सेकंदांचं काम. दुसरा रस्ता लांबचा आहे. नवा कंटेनर करायचा आणि सगळं त्यात कॉपी करायचं. मी जवळजवळ नेहमी दुसराच सुचवतो. पासवर्ड बदलला तरी आतला डेटा ज्या मुख्य किल्लीने एन्क्रिप्ट झालेला असतो ती बदलत नाही. घराच्या चाव्या ज्या डबीत ठेवल्या त्या डबीचं कुलूप बदललं, पण घराचं कुलूप तेच राहिलं, असं ते आहे. कंटेनरची जुनी प्रत किंवा जुन्या हेडरचा बॅकअप कुणाच्या हाती असेल आणि जुना पासवर्ड फुटला, तर त्याच्या हाती तीच मुख्य किल्ली लागते आणि त्या किल्लीने तुमचा 'नवा' कंटेनरही उघडतो. शिवाय कॉपी करताना प्रत्येक फाइल एकदा वाचली जाते. इतक्या वर्षांत डिस्कवर काही खराब झालं असेल तर ते आत्ताच कळतं.

कंटेनर फार मोठा आहे आणि तेवढी मोकळी जागा नाही, एवढ्यापुरता पहिला रस्ता मला मान्य आहे. आत छुपा व्हॉल्यूम (बाहेरच्याच्या मोकळ्या जागेत लपवलेला दुसरा) असेल तर बाहेरचा आणि छुपा, दोन्ही स्वतंत्रपणे बदलावे लागतात, हे लक्षात ठेवा.

नवा कंटेनर करताना साधेच पर्याय निवडा. सायफर एईएस, हॅश एसएचए-५१२, पिमची जागा रिकामी. तीन सायफर एकावर एक लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण पासवर्ड लांब आणि स्वतंत्र असेल तर एकटं एईएस पुरेसं आहे, आणि ही जोडी व्हेराक्रिप्टच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत, क्रिप्टसेटअपमध्ये, सगळीकडे उघडते. १.२६ मध्ये आलेला ब्लेक२एस-२५६ हा हॅश निवडला तर १.२५.९ असलेल्या संगणकावर तो कंटेनर उघडणार नाही. नवा पर्याय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण जो डेटा दहा वर्षांनीही उघडायला हवा, त्यासाठी मी जुना आणि सर्वत्र असलेला पर्याय घेतो.

भावाच्या मॅकचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे सुसंगततेचे दोन थर आहेत. पहिला थर व्हेराक्रिप्ट चालण्याचा. मॅकवर त्याला आतापर्यंत मॅकफ्यूज हा जोडप्रोग्राम लागत आला आहे, आणि त्याचं कर्नल एक्स्टेन्शन (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा भाग) ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालवायचं तर रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी एक पायरी खाली आणावी लागते. डेटा सुरक्षित ठेवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी संगणकाची सुरक्षा कमी करणं मला पटत नाही. फ्यूज-टी हा पर्याय कर्नल एक्स्टेन्शनशिवाय चालतो आणि व्हेराक्रिप्टने त्यासाठी वेगळा इन्स्टॉलरही दिला आहे. वेग थोडा कमी मिळाला तरी तो घ्या. मॅकओएसची मोठी नवी आवृत्ती आली की हा जोडप्रोग्राम तिच्यावर चालतो याची खात्री होईपर्यंत भावाला थांबायला सांगा.

दुसरा थर कंटेनरच्या आतला, म्हणजे फाइल सिस्टिमचा. कंटेनर व्यवस्थित उघडला तरी आत एनटीएफएस असेल तर मॅकओएस स्वतःहून फाइली फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. मग लोक म्हणतात 'व्हेराक्रिप्ट मॅकवर नीट चालत नाही', पण त्यात एन्क्रिप्शनचा काहीच दोष नसतो. दोघांनी लिहायचं असेल तर नवा कंटेनर करताना आत एक्सफॅट निवडा. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं, लिनक्सच्या कर्नलमध्येही २०१९ पासून आहे. एक्सफॅटमध्ये जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदवही) नसतं, त्यामुळे डिस्माउंट न करता, म्हणजे कंटेनर बंद न करता, केबल उपटली तर नुकसान होण्याची शक्यता एनटीएफएसपेक्षा जास्त. आणि कंटेनर ज्या पेनड्राइव्हवर ठेवाल तो एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे मावतच नाही.

आता अपडेट घ्यावेत की नाही. या सगळ्या प्रकारात दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि मला त्या वेगळ्या करायच्या आहेत. प्रोग्राम ही एक गोष्ट, डेटाचा फॉरमॅट ही दुसरी. प्रोग्राम जुना ठेवण्यात धोका आहे, कारण त्याचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो आणि तिथली त्रुटी आख्ख्या संगणकाला भोवते. फॉरमॅट जुना ठेवण्यातही धोका आहे, कारण एक दिवस तो ओळखणारं कोणी राहत नाही. तुम्ही प्रोग्राम नियमित बदललात आणि फॉरमॅट २०१२ मध्येच राहिला. दोघांतलं अंतर १.२६ ला तुटेपर्यंत ताणलं गेलं. म्हणून माझा क्रम असा: नव्या आवृत्तीच्या नोंदी उघडायच्या आणि त्यात फक्त 'काढलं', 'बंद केलं', 'किमान आवश्यक आवृत्ती' अशा अर्थाच्या ओळी शोधायच्या. आपल्या फॉरमॅटला धक्का लागत असेल तर आधी जुन्या प्रोग्रामने डेटा हलवायचा. मग एकाच संगणकावर अपडेट, तिथे सगळे कंटेनर उघडून पाहायचे, आणि नंतरच बाकीच्यांकडे वळायचं.

अशा ओळी दरवेळी फॉरमॅटबद्दलच असतात असं नाही. जानेवारी २०२५ च्या १.२६.१८ ने ३२-बिट विंडोजचा आधार काढला आणि विंडोज १० ची १८०९ ही किमान आवृत्ती ठरवली. म्हणजे तुमचा जुना लॅपटॉप ३२-बिटचा असेल तर ताजं व्हेराक्रिप्ट तिथे बसणारच नाही. २०२५ च्याच १.२६.२४ मध्ये प्रोग्रामच्या खिडक्यांचे स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग मूलतः अडवलं जाऊ लागलं. सुरक्षेसाठी ते चांगलं आहे, पण दूरवरून स्क्रीन बघून मदत करणाऱ्याला ती खिडकी दिसेनाशी होते, आणि लोकांना वाटतं प्रोग्राम बिघडला. हा पर्याय सेटिंगमधून बंद करता येतो. गरज असेल तेवढ्यापुरता करा, नंतर पुन्हा चालू करा.

हे फक्त व्हेराक्रिप्टचं नाही. क्लाउडवरच्या फाइलींसाठी अनेकजण क्रिप्टोमेटर वापरतात. त्याच्या व्हॉल्टचा (एन्क्रिप्टेड फोल्डरचा) फॉरमॅट २०२० आणि २०२१ मध्ये असा दोनदा बदलला. एका संगणकावर व्हॉल्ट नव्या फॉरमॅटवर नेला की जुना क्रिप्टोमेटर असलेले बाकीचे संगणक तो उघडू शकत नाहीत, आणि परतीचा रस्ता नसतो. म्हणून तिथे क्रम उलटा येतो. आधी सगळीकडचा प्रोग्राम अपडेट करायचा, मग शेवटी एकदाच फॉरमॅट. विंडोजच्या अंगभूत एन्क्रिप्शनने, म्हणजे बिटलॉकरने, विंडोज १० च्या १५११ आवृत्तीत, २०१५ साली, एक्सटीएस-एईएस ही नवी पद्धत आणली. त्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह विंडोज ७ किंवा ८.१ वर उघडत नाही. पेनड्राइव्ह जुन्या संगणकांत फिरणार असेल तर बिटलॉकर चालू करताना दिलेला 'सुसंगत मोड' त्यासाठीच आहे.

बिटलॉकरचा विषय निघालाच आहे तर तुमच्या नव्या लॅपटॉपबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन पुष्कळ संगणकांवर आपोआप चालू होतं. तुम्हाला पत्ताही नसेल. सेटिंगमध्ये 'गोपनीयता आणि सुरक्षा'खाली ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आजच कागदावर उतरवा आणि लॅपटॉपपासून लांब ठेवा. ती की एरवी कधी लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण टीपीएम ही किल्ल्या जपणारी चिप संगणक सुरू होतानाच्या गोष्टींची मोजमापं तपासून किल्ली सोडते, आणि बायोसचा अपडेट झाला किंवा सिक्युअर बूटचं (सही असलेलाच कोड सुरू होऊ देणाऱ्या सोयीचं) काही बदललं की मोजमापं जुळत नाहीत. मग निळ्या स्क्रीनवर की मागितली जाते. जुलै २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर काही संगणक असेच थेट त्या स्क्रीनवर सुरू झाले होते आणि मायक्रोसॉफ्टने ती अडचण मान्य केली होती. सिक्युअर बूटची २०११ मधली प्रमाणपत्रं २०२६ मध्ये मुदत संपणारी आहेत, त्यामुळे या भागातले बदल वाढतील असं धरून चाला. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर 'तात्पुरतं थांबवा' करायचं, अपडेट झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. डिस्क डिक्रिप्ट करावी लागत नाही.

विंडोज ड्राइव्हच व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट करणाऱ्यांनी आणखी जपायला हवं. तिथे बूटलोडर (विंडोजच्या आधी सुरू होणारा छोटा प्रोग्राम) व्हेराक्रिप्टचा असतो आणि विंडोजचा मोठा अपडेट किंवा बायोस सुरू होण्याच्या यादीत त्याचा क्रमांक खाली ढकलू शकतो. अशा संगणकावर व्हेराक्रिप्ट अपडेट केलं किंवा पासवर्ड बदलला की रेस्क्यू डिस्क (संगणक सुरू न झाल्यास वापरायची व्हेराक्रिप्टची डिस्क) नव्याने करा आणि जुनी फेकून द्या, कारण जुनीत जुन्या पासवर्डचं हेडर असतं. रेस्क्यू डिस्कवरून संगणक खरंच सुरू होतो का, हे एकदा करून पाहा. साधा घरगुती वापर असेल तर विंडोज ड्राइव्हसाठी अंगभूत एन्क्रिप्शन आणि फिरत्या फाइलींसाठी व्हेराक्रिप्टचा कंटेनर, ही विभागणी मला सोयीची वाटते. कोणापासून काय लपवायचं आहे त्यावर हे बदलेल. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाणं ज्यांना चालणार नाही, त्यांचं उत्तर वेगळं असेल.

शेवटची सवय माझ्या प्रत्येक कंटेनरसोबत असते. त्याच डिस्कवर, कंटेनरच्या बाहेर, ज्या आवृत्तीने तो नक्की उघडतो तिचा इन्स्टॉलर आणि त्याची सही ठेवतो. शेजारी एक साधी मजकूर फाइल ठेवतो आणि त्यात प्रोग्रामचं नाव, आवृत्ती, सायफर, हॅश, पिम बदलला होता का, कीफाइल आहे का, आतली फाइल सिस्टिम कोणती, एवढं लिहितो. पासवर्ड अर्थातच नाही. हल्लेखोराला याचा फारसा फायदा होत नाही, कारण मोजक्या जोड्या तो तसाही करून बघणारच. तुम्हाला मात्र दहा वर्षांनी हे काहीच आठवणार नाही. कंटेनरचं अस्तित्वच नाकारता यायला हवं अशी कोणाची परिस्थिती असेल, तर त्याने ही फाइल डिस्कवर ठेवू नये.

तुमच्यासाठी आता काम एवढंच: फाइलची कॉपी, जुन्या लॅपटॉपवर किंवा लिनक्सवर उघडणं, एईएस आणि एसएचए-५१२ चा नवा कंटेनर, आत एक्सफॅट, सगळं कॉपी, मग फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहणं, आणि शक्य असेल तर दोन्हीकडचे हॅश जुळवणं. नवा कंटेनर तुमच्या आणि भावाच्या संगणकावर उघडला, त्याचा वेगळ्या डिस्कवर बॅकअप झाला, की मगच जुना काढा. जुना एसएसडीवर असेल तर नुसतं पुसून त्याचे सगळे अवशेष जातीलच याची हमी नसते, म्हणून नव्या कंटेनरला जुना पासवर्ड पुन्हा वापरू नका.

मला दोन गोष्टी कळवा: जुना लॅपटॉप सुरू होतो का, आणि कंटेनर करताना कीफाइल दिली होती का. दुसरीचं उत्तर 'हो' असेल तर पहिल्यांदा ती फाइल ज्या सर्वात जुन्या बॅकअपमध्ये सापडेल तिथून काढून ठेवा, आणि तिला कोणत्याही ॲपमध्ये उघडू नका.